मेंढके सरकार

आमचे धाकटे काका बायकोच्या मागून चालायचे. आज वाचणाऱ्याला यात सांगण्यासारखं काय, असं वाटेल. पण तेव्हा निजामाचा अंमल होता आणि आमच्या परभणीकडच्या मुलखात नवरा पुढं, बायको मागं, खाली मान घालून, अशीच चालायची रीत होती. त्यातून काका देशमुखांचे. देशमुखांच्या बायका तर चालायच्याच नाहीत. पडदा सोडलेल्या दमणीतून जायच्या आणि देवळापाशी उतरल्या की दोन्ही बाजूंनी चादरी धरल्या जायच्या. अशा घरातला पुरुष पोखर्णीच्या नृसिंहाला जाताना एका धनगराच्या लेकीमागून, तिचं गाठोडं आपल्या खांद्यावर टाकून चालला आहे, हे बघायला लोक हातातलं खुरपं टाकून बांधावर येऊन उभे राहत. कोणी धीर करून विचारलंच, तर काका म्हणत, "वाट तिच्या पायाखालची आहे. मी पुढं झालो तर दोघंही चुकू."

गावानं त्यांना 'मेंढके सरकार' असं नाव ठेवलं होतं. मेंढरं राखणारा तो मेंढका. देशमुखाला मेंढका म्हणणं म्हणजे त्याच्या तोंडावर थुंकण्यासारखंच होतं, आणि नाव ठेवलं होतं तेही त्याचसाठी. पण कोणी पाठीमागून तशी हाक मारली की काका वळून सरळ 'जी' म्हणत आणि काय काम आहे म्हणून विचारत. हाक मारणाऱ्याचीच पंचाईत व्हायची. काहीतरी काम शोधून सांगावं लागायचं. हळूहळू त्या नावातली नांगी गेली आणि नाव तेवढं राहिलं. पुढं तर तहसिलीतला शिपाई 'मेंढके सरकार कुठं राहतात' असं विचारत गावात यायला लागला, आणि त्याच्या मनात काही वाकडं नसायचं.

मी त्यांच्या थोरल्या भावाची मुलगी. पोखर्णीवरून गंगेकडं, म्हणजे आमच्या गोदावरीकडं, जी वाट जाते तिच्यावर आमचं गाव होतं आणि गावाच्या उंचवट्यावर आमची गढी. देवडीवर रोहिले पहारेकरी असायचे. कारभार सगळा बाबांच्या हातात. काकांना शिकायला म्हणून हैदराबादेला धाडलं होतं. ते काही वर्षांनी परत आले ते शेरवानी, रूमी टोपी आणि गोड उर्दू बोली घेऊन. परीक्षा मात्र कुठलीच पदरात पडली नव्हती. तिथून त्यांनी आणखी एक गोष्ट आणली होती. ते सगळ्यांना 'तुम्ही' म्हणत. गड्याला, मोलकरणीला, वाण्याच्या पोराला आणि मलासुद्धा. मी चार-पाच वर्षांची असेन, तेव्हा मला आख्ख्या गढीत कोणी नावानं धड हाक मारत नसे. काका मात्र उकिडवे बसून विचारत, "शांताबाई, आज आपण जेवलात का? की रुसलात?" बाबा म्हणायचे, एवढा पैसा घालून हा एवढंच शिकून आला.

काकांचं पहिलं लग्न त्यांच्या शिक्षणाच्या काळातच झालं होतं. ती काकू पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली आणि तिथंच बाळासकट गेली. तिचा चेहराही काकांनी नीट बघितला नव्हता, असं आई सांगे. त्यानंतर वेगवेगळ्या घराण्यांतून सोयरिकी येत होत्या. काका नाही म्हणत नव्हते आणि हो पण म्हणत नव्हते. माडीवर पडून असायचे. मग एका सुगीनंतर बिराजी धनगराचा तळ आमच्या रानात उतरला.

रान मोकळं झालं की शेतात मेंढ्या बसवायच्या, त्यांच्या लेंड्यांचं खत जमिनीला मिळतं, आणि त्याबद्दल धनगराला धान्य द्यायचं, ही आमच्याकडची जुनी पद्धत. बिराजी दरसाल यायचा. त्या साली बाबांनी काकांना पाठवलं, कुठल्या शेतात बसवायच्या ते दाखवून ये म्हणून. काका घोड्यावरून गेले. तळाजवळ घोडा बिथरला आणि कोकरं चहूकडं उधळली. जाळीच्या कुंपणाआडून बिराजीची मुलगी आली आणि तिनं घोड्याचा लगाम धरला.

"खाली उतरा," ती म्हणाली.

"शेत दाखवायला आलो आहे. थोरल्या सरकारांनी पाठवलंय."

"दावा की. पर खाली उतरून दावा. लेकरं भ्यालीत."

लेकरं म्हणजे कोकरं. काका उतरले. ही गोष्ट ते पुढं आयुष्यभर सांगायचे आणि दरवेळी इथं थांबून हसायचे. "उतरलो, आणि कुठलं शेत दाखवायचं तेच विसरलो. मग तिनं मला कोकरं गोळा करायला लावली." दुसऱ्या दिवशी ते पायी गेले. तिसऱ्या दिवशीही गेले. मग रोजच.

तिचं नाव गिरजा. लहानपणी लग्न होऊन गेलेलं, नवरा तापानं गेलेला. त्यांच्यात विधवेला पाट लावता येतो, म्हणजे दुसरं लग्न करता येतं, पण तिनं आलेली दोन-तीन स्थळं परत पाठवली होती. रंगानं काळीसावळी, उंच, आणि आवाज असा की शेताच्या या टोकाला बोलली तर त्या टोकाची मेंढी मान वर करायची.

गावात गवगवा झाला. पण धक्का कोणालाच बसला नाही. देशमुखांच्या घरात असल्या गोष्टी नव्या नव्हत्या. मळ्यांतल्या घरांमधून अशा बाया राहायच्या. त्यांची मुलं गढीत कामाला असायची, नाकीडोळी आमच्यासारखीच दिसायची, आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नसे. तेव्हा बाबांनी काकांना बैठकीत बोलावलं ते रागावून नव्हे. समजुतीनंच बोलावलं. आई पडद्यामागं उभी होती. पुढचं सगळं तिनंच मला सांगितलं.

"ठेवायची तर ठेव," बाबा म्हणाले. "नदीकडच्या मळ्यात घर बांधून देतो. तुझं वय आहे, मी समजतो. पण सोयरीक मी ठरवीन तिथंच करायची."

"तिला ते चालणार नाही, दादा."

"तिला? तिला कोण विचारतंय?"

"मी विचारलं," काका म्हणाले.

 आई सांगायची, बाबांना राग आला नव्हता, त्यांना ते वाक्यच कळलं नव्हतं. मग काकांनी गिरजाचं उत्तरही सांगितलं. ती म्हणाली होती, "राखायची ती मेंढरं. बाईमाणूस राखत न्हाईत." काका म्हणाले, मला लग्न करायचं आहे. त्यावर बाबा उठले आणि आत गेले. जाताना एवढंच म्हणाले, की लग्न केलंस तर या देवडीतून पुन्हा आत यायचं नाही.

तिकडं तळावर काही काकांची आरती ओवाळली गेली नाही. बिराजी बाबांपेक्षाही जास्त बिथरला होता. गरीब माणूस, देशमुखाला तोंडावर नाही कसं म्हणणार? पण लेकीसाठी त्यानं तेही केलं.

"सरकार, तुमी मोठे," तो म्हणाला. "तुमचं मन फिरलं तर तुमी गढीत जाऊन झोपताल. माजी लेक कुठं जाईल? आमच्या जातीत तरी तिला कोण घेईल मग?"

"मी काय करू ते सांगा," काका म्हणाले.

"मेंढरामागं फिरा. दिवाळीपसून मिरगापस्तोर. पाय टिकले तर बोलू."

त्यानं हे काकांना कटवण्यासाठीच सांगितलं होतं. त्याचा हिशेब असा, की गादीवर वाढलेला माणूस मानवतच्या शिवेपर्यंतसुद्धा पोचणार नाही. दिवाळी झाली आणि काका खांद्यावर घोंगडं टाकून तळावर हजर झाले. शेरवानी त्यांनी माडीवर खुंटीला तशीच टांगून ठेवली होती.

त्या फिरतीबद्दल ते फार बोलत नसत. पायांना फोड आले, फुटले, चिघळले. मानवतजवळ तापानं पडले. तिथल्या कापसाच्या एका व्यापाऱ्यानं त्यांना ओळखलं आणि बसायला खुर्ची, न्यायला छकडा पाठवला. काकांनी खुर्ची परत पाठवली आणि छकड्यातून तळावरच्या एका म्हातारीला तिच्या गावी पोचवून यायला सांगितलं. गिरजा त्या सबंध काळात त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची. बापाची अट तिला मान्य होती. पायांना एरंडाचं तेल लावलं ते बिराजीनं. काका एकदा मला म्हणाले, "गढीत रोज माझे पाय दाबायला माणूस असायचा, शांताबाई. पण त्या पायांना काही होतंय का, ते कोणी बघितलं नव्हतं."

मृगाला तळ परत आला तेव्हा काका ओळखू येत नव्हते. बिराजीनं शब्द पाळला. जातीच्या पंचांना जेवण घातलं आणि तळावरच पाट लागला. गढीतून कोणी गेलं नाही. त्या दिवसापासून घरात काकांचं नाव घ्यायचं नाही, असा बाबांचा हुकूम झाला. काकांनी निरोप पाठवला, की मी हिस्सा मागायला येणार नाही. तरी बाबांनी नदीकाठचा एक खडकाळ तुकडा त्यांच्याकडं सोडला. मायेनं नव्हे. देशमुखाचा भाऊ दुसऱ्याच्या बांधावर पाल ठोकून बसलेला दिसू नये म्हणून.

पावसाळाभर ते दोघं त्या तुकड्यावर झोपडी घालून राहायचे आणि दिवाळीनंतर मेंढरं घेऊन बाहेर पडायचे. मी तेव्हा लहान होते. आमच्या घरात मुलगी मोठी झाली की गोशात जायची, पडद्याबाहेर तिचं नखही दिसायचं नाही. पण तोवर मोकळीक असायची. आई मला आमच्या म्हाताऱ्या दासीबरोबर नदीवर पाठवायची. मी कुठं जाते ते तिला ठाऊक होतं, आणि तिला ठाऊक आहे हे मलाही ठाऊक होतं. परत आले की ती मला माजघरात जवळ घेऊन बसायची. मला वाटायचं, ती विचारेल की नवी काकू दिसते कशी, नेसते काय. ते तिनं कधीच विचारलं नाही.

"काय बोलत होते गं ते दोघं?" ती विचारायची.

"काका म्हणाले, यंदा बाजरी पेरावी की मूग. काकू म्हणाली, मूग."

"मग?"

"मग मूग पेरला."

आईचे हात निवडण्याच्या ताटात तसेच थांबायचे. एकदा ती स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "तुझे काका तिला विचारतात." आणि पुन्हा खडे वेचायला लागली.

विचारतात हे खरंच होतं. 'विचारून सांगतो' हे काकांचं ठेवणीतलं उत्तर. एकदा तालुक्याच्या ठाण्याचे अमीनसाहेब, म्हणजे तेव्हाचे फौजदार, त्यांच्या झोपडीशी घोडा थांबवून म्हणाले, की ईदच्या दावतीला एक चांगला मेंढा हवा आहे. पैशाची गोष्ट काढली नाही. तशी पद्धतच नव्हती. काका अदबीनं म्हणाले, "विचारून सांगतो." अमीनसाहेबांना वाटलं, थोरल्या सरकारांना विचारणार. ते झाडाखाली मानानं वाट बघत बसले. काका झोपडीत गेले. आतून गिरजाकाकूचा आवाज आला, "न्हाई म्हून सांगा. पैशे देऊन न्यायला लावा." तो आवाज नदीपलीकडं गेला असेल. अमीनसाहेब आधी लाल झाले, मग हसायला लागले, आणि खरोखरच पैसे देऊन मेंढा घेऊन गेले.

कामात मात्र काका यथातथाच होते. लोकर कातरायला बसले की मेंढी अर्धी उघडी, अर्धी झाकलेली, अशी उठायची. काकू म्हणायची, "तुमी नुसतं धरा." मग ते मेंढीचं डोकं मांडीवर धरून बसायचे आणि तिच्याशी हैदराबादी अदबीनं बोलायचे. "आपण जरा इकडं वळता का? तकलीफ होतेय, माफ करा." काकू कातरता कातरता हसू दाबायची. तिचे खांदे हलताना मी कितीदा बघितले आहेत. मेंढ्यांनाही ते बोलणं आवडत असावं. त्यांच्या मांडीवर कुठलीच मेंढी धडपडली नाही.

त्यांना एक मुलगा झाला. रांगायला लागला होता, तेव्हा देवीची साथ आली आणि त्यात तो गेला. काका त्या दिवशी गढीपाशी आले. देवडीच्या बाहेरच उभे राहिले. रोहिल्याला म्हणाले, "दादांना सांगा, पोरगं गेलं." रोहिला वर सांगून आला. बाबा माडीवर हुक्क्याशी बसले होते. ते उठले, खिडकीपर्यंत गेले आणि तिथून परत येऊन बसले. खाली उतरले नाहीत. काका थोडा वेळ थांबले आणि निघून गेले. आई दाराच्या फळीला डोकं टेकून रडत होती. तिलाही खाली जाता येत नव्हतं.

पुढं मी मोठी झाले आणि माझं नदीवर जाणं बंद झालं. जाळीच्या खिडकीतून दिवाळीनंतर दूरवर मेंढरांची धूळ दिसायची. ती त्यांचीच असेल असं मी धरून चालायचे.

मग राज्याचे शेवटचे दिवस आले. गावोगाव हत्यारबंद टोळ्या फिरायला लागल्या. कोण कोणाच्या बाजूनं आहे ते कळेना. ज्यांना जमलं ते वऱ्हाडात निघून गेले. ज्यांच्या घरी वयात आलेल्या मुली होत्या त्यांनी घाईघाईनं त्यांची लग्नं उरकायला सुरुवात केली. माझंही ठरलं. मानवतच्या पलीकडचे एक जहागीरदार. त्यांच्या दोन बायका वारल्या होत्या आणि वय बाबांच्याच आसपास होतं. पण त्यांच्या वेशीवर बंदूकवाले होते. बाबा दुष्ट नव्हते. ते घाबरले होते, आणि घाबरल्याचं त्यांना दाखवता येत नव्हतं. लग्न ठरल्याचं मला कोणी सांगितलं नाही. सोनार माझ्या मनगटाचं माप घ्यायला आला, तेव्हा कळलं.

आमच्या म्हाताऱ्या दासीनं ही बातमी नदीवर पोचवली. दुसऱ्या दिवशी सकाळी काका आणि गिरजाकाकू गढीच्या पायऱ्या चढून आले. देवडीवर तोच रोहिला होता. तो बाजूला झाला आणि त्यानं काकूला सलाम केला.

बाबा बैठकीत होते. मी आणि आई पडद्यामागं. काकू कोणी सांगायची वाट न बघता उंबऱ्यावर बसली. काका उभेच होते.

"शांताबाईंचं ठरलं, असं ऐकलं," काका म्हणाले.

"ठरलं," बाबा म्हणाले. इतक्या वर्षांनी भावाशी बोललेला तो पहिला शब्द.

"त्यांना विचारलं का?"

"दिवस कसले आहेत बघतोस ना? पोरींना विचारत बसायला वेळ आहे का?"

"मला आहे," काका म्हणाले आणि पडद्याकडं वळले. "शांताबाई, हे लग्न तुम्हाला करायचं आहे का?"

 जेवलीस का, झोपलीस का, याच्यापलीकडं माझ्याबद्दल मला त्या घरात कोणी काही विचारलं नव्हतं. हो किंवा नाही म्हणण्याची सवयच नव्हती. काका पडद्याजवळ खाली जमिनीवर बसले. "सावकाश सांगा," ते म्हणाले, "मी बसलोय." चौकातलं ऊन एका भिंतीवरून सरकत खाली उतरलं. बाबांचा हुक्का विझला तरी ते नळी तोंडात धरून होते. 

शेवटी काकू बोलली, पण मला नव्हे. "बाईसाब," ती आईला म्हणाली, "लेकीला सुचंना गेलंय. तुमी सांगा. तुमची लेक हाय."

आईनं माझं मनगट धरलं. मग तिनं पडदा बाजूला केला आणि मला घेऊन बैठकीत आली. डोक्यावर पदर होता, तोंडावर नव्हता. दारात रोहिला होता, कारकून होता. लग्न होऊन आल्यापासून आईनं त्या बैठकीत पाऊल ठेवलं नव्हतं.

"हिला नको आहे," ती बाबांना म्हणाली. "मलाही नको होतं. मला कोणी विचारलं नव्हतं."

बाबांनी हुक्क्याची नळी खाली ठेवली. मी त्यांना इतकं हळू बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तुम्हाला नको होतं?"

"तेव्हा नको होतं," आई म्हणाली. "मग राहिले."

बाबा आईकडं बघत राहिले. माझ्या लग्नाचं ते विसरूनच गेले असावेत. बऱ्याच वेळानं ते उठले, कारकुनाला म्हणाले, "जहागीरदारांकडं माणूस पाठवा. इतक्यात जमत नाही म्हणावं," आणि आत निघून गेले. काका-काकू पण निघाले. आईनं त्यांना परत बोलावलं आणि माजघरात पाट मांडले. काकूला पाटावर बसायची सवय नव्हती. ती पाट बाजूला सारून भुईवर बसली, तर आईही तिच्याशेजारी भुईवर बसली. पानात काय होतं ते मला आठवत नाही. पण जेवण बराच वेळ चाललं होतं.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत फौजा आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. रोहिले आपापल्या वाटेनं निघून गेले. गोशाचे पडदे कोणी काढले नाहीत. ते विरून फाटले आणि नवे शिवले गेले नाहीत. काकांच्या आग्रहानं मला परभणीला शिकायला ठेवलं. पुढं मी मास्तरीण झाले आणि लग्नही केलं, माझ्याच शाळेतल्या एका शिक्षकाशी. तो देशमुख नव्हता. बाबांनी मला फक्त एवढंच विचारलं, की तुझं नक्की आहे ना. सुट्टीत घरी गेले, तेव्हा आई लाजत लाजत मला सांगत होती, की हल्ली हे माजघराच्या दारात येऊन उभे राहतात. "परवा म्हणाले, कापूस मानवतला घालावा की परभणीला? मी म्हटलं, मानवतला." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं. पण सांगून टाकलं."

काका मात्र माझं लग्न बघायला राहिले नाहीत. राज्य गेल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात, मेंढरांबरोबर फिरतीवर असतानाच त्यांच्या छातीत सर्दी साठली आणि त्यातच ते गेले. बाबा निरोप मिळताच छकडा जुंपून गेले. देशमुखांना अग्नी देतात आणि त्या धनगरांमध्ये पुरतात. लोकांना वाटलं, आता तिथं तंटा होणार. काकू म्हणाली, आमच्यात करतात तसं करायचं.  बाबांनी खांदा दिला, वाकून दोन्ही हातांनी माती लोटली आणि सगळे गेल्यावरही तिथं बसून राहिले.

मी परभणीहून पोचले, तेव्हा तळ हलायच्या तयारीत होता. बाबांनी काकूला गढीत राहायला बोलावलं होतं. ती म्हणाली, "तितं मेंढरं कुठं बसवू?" आणि तो विषय संपला. माझं तेव्हा तरुण वय होतं आणि मनात लग्नाचे विचार घोळत होते. मी तिला विचारून बसले, "काकू, तुमचा काकांवर जीव कधी बसला?"

ती पालाची दोरी सोडत होती. तिनं माझ्याकडं बघितलं. हसली थोडी.

"तेंचा बसला तसा झटदिशी न्हाई बसला, माय," ती म्हणाली. "मला भरवसाच न्हवता. मोठ्या घरचं माणूस. आज हाय, उद्या उठून जाईल. बापामागं फिरायलेत तवापसून रोज सकाळी उठले की आधी तेंच्या जाग्याकडं बघायची. घोंगड्यात माणूस हाय का नुसतं घोंगडं हाय."

"मग?"

"आसायचे. पाट लागला तरी बघायची. लेकरू गेलं, तवा तर वाटलं, आता जातेत. न्हाई गेले."

"मग बघायचं कधी थांबलात?"

तिनं दोरी गुंडाळून बाजूला ठेवली. पालाचं कापड सैल होऊन हळूहळू खाली बसलं.

"थांबले कुठं," ती म्हणाली. "आज सकाळी बी बघितलं."